न्हाणीतला बॅरल आणि चार इंचाचा उंबरा

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे आणि विषय न्हाणीघराचा आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. रस्ता, गटार, यंत्रमागाचा वीजदर, हद्दवाढ यावर लिहिलं की तुमचे फोन येतात, भांडणंही होतात. न्हाणीवर कोण भांडणार? ती घराच्या मागच्या कोपऱ्यात, दार लावलेली. पण गेली काही वर्षं मी एक गोष्ट बघतोय आणि ती बातमीच्या चौकटीत कधी बसत नाही, म्हणून इथं लिहितोय.

रस्त्यावर कुणी पडलं की बातमी होते. 'दुचाकी घसरून वृद्धा जखमी' अशी चार ओळींची का होईना, होते. खड्डा कुणाच्या हद्दीतला यावर दोन दिवस चर्चा चालते. घरात न्हाणीत पडलेल्या माणसाची बातमी होत नाही आणि नोंदही कुठं होत नाही. तुम्ही इचलकरंजी, जयसिंगपूर किंवा मिरजेच्या कुठल्याही हाडाच्या दवाखान्यात तासभर बसा. खुब्याचं हाड मोडलेल्या आजीच्या नातेवाइकाला विचारा, कुठं पडल्या म्हणून. 'मोरीत पाय घसरला' हे उत्तर मिळायला फार वाट बघावी लागणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर याचाच नंबर, आणि त्यात सगळ्यात जास्त साठीच्या पुढची माणसं. आपल्याकडं मात्र म्हातारं माणूस पडलं की 'वय झालं होतं' म्हणायचं आणि विषय मिटवायचा. खुबा मोडला की अंथरूण, अंथरुणात छातीत कफ, पाठीला जखमा. अशी किती माणसं आपण पोचवून आलो, ते ज्यानं त्यानं आठवावं.

आता टबाची गोष्ट. इचलकरंजीत सुताच्या धंद्यात पैसा खेळत होता तेव्हा काही बंगल्यांत बाथटब बसले. सिनेमात बघितलेले. त्यात निवांत पडून कुणी आंघोळ केली असेल तर पहिला महिनाभर. पुढं त्या टबाचं काय झालं हे इथल्या माणसाला सांगायला नको. पाणी येतं त्या दिवशी टब काठोकाठ भरून ठेवायचा आणि पुढचे दिवस तांब्यानं उपसायचं. थोडक्यात, पांढराशुभ्र महागडा हौद.

माझ्या ओळखीच्या एका घरानं तो टब काढायचा ठरवलं. घरातल्या आजी पंच्याहत्तरीच्या पुढच्या. टबाची कड गुडघ्याच्या वर, पाय उचलून आत टाकणं शक्यच नाही, आणि टबानं अडवलेल्या जागेमुळं बाहेर नीट बसताही येत नाही. टब फोडला. जमीन एका पातळीत घेतली, खरखरीत टाइल लावली, भिंतीला घडी होणारी बैठक, हातात धरायचा शॉवर, धरायला स्टीलचे दांडे, साबण-तेल-टॉवेलाला भिंतीतच कप्पे. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. काम खरंच चांगलं झालं होतं. पंधरा दिवसांनी परत गेलो तर टबाच्या जागी, त्या बैठकीच्या बरोबर पुढं, दोन निळे बॅरल उभे! आजी परत दाराजवळ, प्लॅस्टिकच्या स्टुलावर.

टब काढला म्हणजे पाण्याचा साठा काढला, हे इंटिरियरवाल्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या चित्रात नळाला चोवीस तास पाणी होतं. त्या घरात पैसा आहे, त्यांनी गच्चीवर जादा टाकी आणि खाली मोटर बसवून महिन्याभरात बॅरल बाहेर काढले. माझ्या डोक्यातून मात्र ते दोन बॅरल जाईनात.

कबनुरात टब नाहीत. पण बॅरल नाही असं घर दाखवा. जनगणनेच्या कागदावर आपण शहर, कारभार ग्रामपंचायतीचा, आणि घरं इचलकरंजीला चिकटलेली. खाली माग, वर संसार. जागेचा इंच न इंच मागाला, बिमांना, नाहीतर भाड्याच्या खोल्यांना. उरलेल्या जागेत न्हाणी. चार बाय सहाची मिळाली तर नशीब, चार बाय पाचच्याही पुष्कळ आहेत.

आता हिशेब करा. दोनशे लिटरचा बॅरल सुमारे २ फूट रुंद, ३ फूट उंच. असे दोन ठेवले की चार बाय सहाच्या न्हाणीतली एक तृतीयांश जागा गेली. उरलेल्यात बादली, टोपलं, धुण्याचा दगड, कपड्यांचा पिळा, बायकांचं भांडी घासायचं सामान. कारण आपल्याकडं न्हाणी नुसती न्हाणी नसते, तीच मोरी असते. चार फूट रुंदीतले दोन फूट बॅरलनं घेतल्यावर माणसाला जायला दोनच फूट राहतात. त्यातून वॉकर जेमतेम जातो, चाकाची खुर्ची जात नाही.

भरलेला बॅरल दोनशे किलोचा असतो, तो हलत नाही. म्हाताऱ्या माणसाला हे हळूहळू सवयीचं होतं. आत जाताना, उठताना हात बॅरलच्या कडेवर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी तळाला गेलेलं असतं आणि तोच बॅरल आता आठ-दहा किलोचा उरलेला असतो. आजी सवयीनं कड धरून अंगाचा भार टाकते, आणि बॅरल तिच्यासकट कलंडतो. दुसरा प्रकार म्हणजे तळातलं पाणी काढायला वाकणं. कमरेतून पूर्ण वाकून, डोकं बॅरलात, एका हातात तांब्या. तरण्या माणसालाही गरगरतं. ज्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे त्याचं काय होत असेल? (हे बॅरल मूळचे कशाचे, साइझिंग-प्रोसेसमधून सुटून, धुऊन घरात येतात तेव्हा आत काय उरलेलं असतं, ही वेगळी पोस्ट. आणि डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य सेविका येऊन 'बॅरल रिकामा करून कोरडा करा' म्हणून सांगून जाते तेव्हा घरातली बाई तिच्याकडं कशी बघते, ही आणखी वेगळी.)

बॅरलच्या जोडीला उंबरा. न्हाणीची फरशी घराच्या फरशीपेक्षा खाली, आणि मधे चार इंचाचा कडप्प्याचा उंबरा. का? तर पाणी बाहेर येऊ नये म्हणून. चार इंच म्हणजे आपल्याला काहीच नाही. पण गुडघ्याची वाटी झिजलेल्या माणसाला एक पाय वर उचलून दुसऱ्या पायावर पूर्ण भार घ्यावा लागतो, तोही साबणाचं पाणी लागलेल्या जागेत. आत जाताना एकवेळ जमतं. बाहेर येताना अंग ओलं, पाय ओले, डोळ्यांवर चष्मा नाही, एका हातात लुगड्याचा नाहीतर टॉवेलाचा घोळ. पडायचं ते बहुतेक इथं, या क्षणाला.

आपल्या गावात हे गुडघे सत्तरीत झिजत नाहीत, पन्नाशीतच झिजतात. बारा-बारा तासांची पाळी, ती उभ्यानं, मागाच्या दोन ओळींमधून येरझाऱ्या घालत. १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला असं सांगतात. म्हणजे सव्वाशे वर्षं होत आली हे गाव आणि परिसर उभा राहून कापड काढतोय. कांडी भरणाऱ्या बायका बसून काम करतात, त्यांची कंबर जाते. त्यामुळं हा फक्त आजी-आजोबांचा विषय आहे असं समजू नका. हे वाचणाऱ्यांपैकी पंचेचाळिशीच्या पुढच्या गड्यांनी आज आंघोळीनंतर पाटावरून उठताना हात कुठं टेकला ते आठवून बघा.

आमच्या घरी आईसाठी गेल्या वर्षी न्हाणी बदलून घेतली, म्हणून काही गोष्टी अनुभवानं सांगतो. मिस्त्रीचं पहिलं वाक्य होतं, "उंबरा काढला तर पाणी सरळ चुलीपर्यंत जाईल, मग माझ्या नावानं ओरडायचं नाही." त्याचं चूक नव्हतं. आपल्याकडं फरशीला उतार देतात तो नावापुरता, आणि पाणी अडवायचं काम उंबऱ्यावर सोपवतात. उतार नीट दिला, म्हणजे दर चार फुटांना साधारण एक इंच, आणि दाराच्या तोंडाशी आडवी लांब जाळी टाकून तिला स्वतंत्र पाइप दिला की पाणी बाहेर येत नाही. आमच्याकडं वर्षभरात आलेलं नाही. जिथं फरशी उचलायची ऐपत नाही तिथं उंबऱ्याच्या दोन्ही अंगाला सिमेंटचा उतार करून घेतला आणि बाजूला धरायला दांडा दिला, तरी पुष्कळ फरक पडतो.

दांड्याबद्दल एक. टॉवेलाचा रॉड म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. तो ओढला की भिंतीतून सुटून हातात येतो. आधाराचा दांडा मुठीत मावेल असा हवा, सव्वा ते दीड इंच जाडीचा, भिंतीपासून दोन इंच सुटा, म्हणजे बोटं नीट वळतात पण हात आत अडकत नाही. आपल्याकडच्या आतल्या भिंती साडेचार इंची, वरून टाइल. नुसत्या गिलाव्यात स्क्रू मारून भागत नाही. आरपार बोल्ट टाकून पलीकडून पट्टी लावायची. आणि दांडा कुठं बसवायचा ते मिस्त्रीनं ठरवायचं नाही. ज्या माणसासाठी आहे त्याला कोरड्या न्हाणीत बसवा, उठायला सांगा, हात जिथं जातो तिथं खडूनं खूण करा. आमच्या आईचा हात कुठल्याही पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा चार बोटं खालीच गेला.

शॉवरचं म्हणाल तर मी त्याच्या फार नादाला लागू नका असं सांगेन. टाकी डोक्यावर दहा फूट असली तर पाण्याला दाब असा काही नसतो, शॉवरातून धार येण्याऐवजी ठिबक येते. शिवाय आपल्या म्हाताऱ्या माणसांना तांब्यानं पाणी घेतल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यापेक्षा बसायला कोपऱ्यात सतरा-अठरा इंच उंचीचा ओटा बांधून घ्या, वर खरखरीत फरशी. गुळगुळीत कडप्पा नको. त्याच्या शेजारी बादलीसाठी फूटभर उंचीचा दुसरा ओटा आणि त्याच्या वर नळ. बसल्या जागी, न वाकता बादलीत तांब्या जातो. पाटावर बसणं आणि पाटावरून उठणं, दोन्ही संपतं. लाकडी पाट काढून घेतला म्हणून आई आठवडाभर रुसली होती. आता 'शेजारच्या काकीला पण असं करून द्या' म्हणते.

साबण, तेल, शिकेकाई, दाढीचं सामान, कोरडे कपडे यांची जागाही तेवढीच महत्त्वाची. जुन्या पांढऱ्या मातीच्या घरांत न्हाणीच्या भिंतीत देवळी असायची, कोनाडा असायचा, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असा. भिंती साडेचार इंचांवर आल्या आणि कोनाडा गेला. मग साबण जमिनीवर, तेलाची बाटली खिडकीत, आणि बाकी सगळं माळ्यावर. जमिनीवरचा साबण घसरवतो आणि माळा स्टुलावर चढवतो. बैठकीच्या बाजूला गुडघा ते खांदा एवढ्या उंचीत कोपऱ्याला दोन फळ्या बसवा, बास. माळ्यावर टाकी ठेवायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो, आणि तो माळा परातीसाठी बांधलेला असतो.

दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दाराला पडलेलं माणूस आतून अडतं आणि दार फोडायलाही जागा राहत नाही. कडीवरून आमच्याकडं मोठी चर्चा झाली. "कडी लावू नकोस" असं आईला सांगणं सोपं आहे, पण सून-नातवंडांच्या घरात ती बाई कडी न लावता आंघोळ कशी करेल? बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येते अशी कडी मिळते, ती बसवली. म्हाताऱ्या माणसाची लाज ही पण सांभाळायची गोष्ट आहे. पुष्कळ बायका पडतात त्या 'नको, माझी मी करते' म्हणून एकट्या गेल्यावर, कारण कुणी अंघोळ घालायला आलेलं त्यांना सोसत नाही. स्वतःच्या हातानं आंघोळ करता येणं म्हणजे काय, ते दुसऱ्याच्या हातून करून घ्यायची वेळ आलेल्या माणसाला विचारा. आणि जाता जाता, गॅसचा गिझर बंद न्हाणीत बसवू नका. विषारी वायू साठून माणसं जातात. तो बाहेरच्या बाजूला हवा.

आमचा सगळा खर्च बावीस हजारांच्या आसपास झाला. निम्म्याहून जास्त फरशी उचलून परत बसवण्याचा. फरशीला हात न लावता नुसते दांडे, बैठक आणि दाराची फिरवाफिरव केली असती तर पाच-सहा हजारांत भागलं असतं. मागवाल्याच्या आठवड्याच्या पगारात हे लगेच बसत नाही, मला माहीत आहे. म्हणून आता सरकारकडं वळतो.

राज्य सरकारनं २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्ट वर्षांच्या पुढच्या, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आतल्या माणसाला एकदाच ३ हजार रुपये, साहाय्यक साधनं घ्यायला. यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, चाकाची खुर्ची आहे, कमोड खुर्चीही आहे. पैसे थोडे आहेत पण योजना वाईट नाही. प्रश्न असा की ती कमोड खुर्ची चार इंचाच्या उंबऱ्यावरून आत नेणार कशी, आणि दोन बॅरलच्या मधे ठेवणार कुठं? साधनाला पैसे आहेत, ते साधन जिथं वापरायचं त्या जागेला नाहीत.

घरकुलाचंही तेच. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, मैदानी भागात केंद्राच्या योजनेचं मूळ अनुदान १ लाख २० हजार. शौचालयाला स्वच्छ भारतमधून १२ हजार वेगळे. शौचालयाचा फोटो काढून अपलोड करावा लागतो. आंघोळ कुठं करायची याचा फोटो कुणी मागत नाही. मग २५ चौरस मीटरमध्ये न्हाणी जिन्याखाली जाते आणि तिथं उंबरा चारचा सहा इंच होतो.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. सुगम्यतेचे नियम हे नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात बजावलं. मोठा निकाल आहे. पण त्याचा जोर सार्वजनिक इमारती, वाहतूक, माहिती यांवर. तहसील कार्यालयाला रॅम्प झाला पाहिजे, झालाच पाहिजे. माणूस मात्र तहसीलला वर्षातून एकदा जातो आणि न्हाणीत रोज.

जपाननं २००० साली म्हाताऱ्यांच्या देखभालीसाठी विमा सुरू केला. त्यात घरातल्या बदलांसाठी वेगळी तरतूद आहे, २ लाख येनपर्यंतच्या कामाची, त्यातला मोठा वाटा विमा उचलतो. कुठल्या कामांना? आधाराचे दांडे, जमिनीतले चढउतार काढणं, न घसरणारी फरशी, दार बदलणं, बसायचा संडास. म्हणजे मी वर जे लिहिलं जवळजवळ तीच यादी. श्रीमंत देश आहे, त्यांची बरोबरी करू नका असं कुणी म्हणेल. पण मी मागतोय ते पाच-सहा हजारांचं काम, आणि त्यासाठी नवी योजना आणायची गरज नाही.

कारण पैसा गावातच आहे. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची, असा राज्याचा आदेश आहे. वैयक्तिक लाभही त्यातून देता येतो. राज्यात बऱ्याच ठिकाणी ही रक्कम दिवाळीच्या तोंडावर समान भागानं वाटून टाकतात. घेणाऱ्याला बरं वाटतं, देणाऱ्याचा फोटो येतो, हिशेब मिटतो. हजार-दोन हजार रुपये किराणात जातात, न्हाणी तशीच राहते. माझं म्हणणं असं आहे की या निधीतून ज्यांना गरज आहे त्यांच्या घरी दांडे, बैठक आणि उंबऱ्याचा उतार ग्रामपंचायतीनं करून द्यावा. गावातलाच मिस्त्री, गावातलाच फॅब्रिकेटर. माग जोडणाऱ्या गावाला चार स्टीलचे दांडे वाकवून बसवणं काय अवघड आहे?

यात एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. निधी मिळतो ४० टक्क्यांचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्याला. गुडघे गेलेल्या, खुबा मोडून कशीबशी उभी राहिलेल्या आजीकडं ते नसतं. तिला प्रमाणपत्रासाठी सीपीआरला नेणं म्हणजे रिक्षा, रांग, तारीख, परत रिक्षा. तिथं आपल्या आशाताई आणि लोकप्रतिनिधी यांनी यादी करून शिबिर मागितलं पाहिजे.

आणि असं काही आपल्या जिल्ह्यात नवीन आहे असं समजू नका. सोळाव्या-सतराव्या वर्षी कमरेखालचं शरीर निकामी झालेल्या नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'चाकाची खुर्ची' आहे. दिव्यांग माणसानं स्वतःची कामं स्वतः करावीत, आणि त्यासाठी आधी जागा तशी बांधावी लागते, हे कोल्हापूरला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. कबनूर तिथून तीस किलोमीटरच्या आत. एवढ्या अंतरात ते इथवर पोचायला हरकत नव्हती.

भाडेकरूंचं काय? गावात चाळीच्या खोल्यांतून किती कुटुंबं आहेत, कर्नाटकातली, उत्तरेकडची, सोलापूरकडची. चार खोल्यांत एक न्हाणी. भिंतीला भोक पाडायला मालक परवानगी देत नाही आणि भाडेकरूही दोन वर्षांनी जाणार म्हणून खर्च करत नाही. खोलीमालकांनो, तुम्ही माझे मित्रच आहात, म्हणून स्पष्ट बोलतो. उरसाला घर रंगवता, पुढच्या वर्षी त्याच खर्चात सामाईक न्हाणीला दोन दांडे आणि एक बल्ब लावा. रंगापेक्षा स्वस्त पडतं.

आता परत बॅरलकडं. दांडे बसतील, उंबरा उतरेल, ओटा होईल. पण नळाला पाणी दिवसाआड, दोन दिवसांनी, चार दिवसांनी येणार असेल तर बॅरल न्हाणीत परत येणार. त्या बंगल्यात आला, आपल्याकडं तर जागाही नाही. टाकी आणि मोटर ज्याला परवडते त्याचा प्रश्न सुटतो. ज्याला परवडत नाही त्याच्या घरी नळाचं वेळापत्रक निळ्या प्लॅस्टिकच्या रूपानं न्हाणीच्या मधोमध उभं असतं. इचलकरंजीसाठी पंचगंगा झाली, मजरेवाडीहून कृष्णा झाली, दूधगंगेच्या सुळकूड योजनेवरून कागलकरांशी भांडण झालं. कोण बरोबर, त्यात इथं शिरत नाही. पण या सगळ्या वादात आपण पाणी मोजतो ते पिण्याचं, धंद्याचं, शेतीचं. दर माणशी किती लिटर हा आकडा प्रत्येकाला पाठ आहे. ते पाणी किती दिवसांनी येतं त्यावर घरातली म्हातारी सरळ चालत न्हाणीत जाणार की बॅरलला वळसा घालून, हे ठरतं. पाण्याच्या मोर्चात घागरी घेऊन बायका पुढं असतात. पुढच्या मोर्चात एक रिकामा बॅरल आणि एक वॉकरही न्या, पत्रकारांना फोटो मिळेल. मी स्वतः येऊन काढतो.

तोपर्यंत बॅरल न्हाणीच्या बाहेर, दाराशेजारी ठेवता येतो का बघा. ज्यांच्याकडं बोळ आहे, परसू आहे, त्यांना येतो. खाली तोटी बसवून पाइपनं पाणी आत घ्या. तोटी चालायला बॅरल फूट-दीड फूट उंच, पक्क्या दगडी कट्ट्यावर हवा, विटांच्या डुगडुगत्या ढिगावर नको. तोटी बसवायला दोनशे-तीनशे रुपये लागतात. वाकणं, उपसणं आणि कडेला धरणं, तिन्ही एकदम बंद होतं.

येत्या ग्रामसभेला मी अर्ज देणार आहे. तुम्हीही द्या, एकट्याच्या अर्जाला कपाट मिळतं. अर्जात तीनच गोष्टी लिहा: गेल्या तीन वर्षांत ५ टक्के निधी किती जमा झाला आणि कशावर खर्च झाला, यंदा त्यातून घरातल्या न्हाणीत दांडे, बैठक आणि उतार करून देण्याची तरतूद करावी, आणि प्रमाणपत्र नसलेल्या, चालायला त्रास होणाऱ्या ज्येष्ठांची वॉर्डनिहाय यादी करावी. शेवटी आपल्या घरातल्या न्हाणीचं माप टाका, लांबी, रुंदी, उंबऱ्याची उंची आणि आत किती बॅरल. तेवढं टेप घेऊन आज संध्याकाळीच मोजून ठेवा. अर्ज दोन प्रतींत करा आणि आवक क्रमांक पडलेली पोच हातात आल्याशिवाय तिथून हलू नका.